भिंतीतले आवाज आणि टाइल्सवरचा हातोडा

बाणेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. बारा मजली इमारत, त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, घर नऊ वर्षांचं. पहाटे पाचच्या सुमारास बाथरूमच्या भिंतीत टकटक सुरू होते. गरम पाण्याचा नळ सोडला की तो आधी गुरगुरतो, थुंकतो, मग पाणी देतो. वॉशिंग मशीन चालू असताना मधूनच भिंतीत बुक्की मारल्यासारखा दणका बसतो. आणि कॉमन बाथरूममधला गीझर लावला की किटलीसारखा सूं-सूं करायला लागतो. सासूबाईंची झोप उडाली आहे. प्लंबर म्हणतो, लाइन जुनी झाली, दोन्ही बाथरूमच्या टाइल्स फोडून नवीन पाइप टाकू. टाकावेत का?

नको. निदान आत्ता तरी नको. गेली २८ वर्षं मी पुण्यात प्लंबिंगची कामं घेतो, आणि आवाजासाठी फोडलेल्या भिंतींपैकी बऱ्याच भिंतींत काहीच सापडत नाही हे मी बघितलंय. ताई, तुमच्याकडे एक दुखणं नाही, चार आहेत. चारांची कारणं वेगळी, औषधं वेगळी. प्लंबरने चारही एकाच मापात तोलली, एवढाच घोळ आहे.

आवाज आला की लोक भिंतीला कान लावतात आणि तिथेच फसतात. भरलेल्या पाइपातून आवाज लांबवर जातो. गच्चीवरचा व्हॉल्व्ह थरथरला की तो तुमच्या डायव्हर्टरमागे (शॉवरकडे पाणी वळवणारा भिंतीतला नळ) ऐकू येतो, आणि मग डायव्हर्टर बदलला जातो. म्हणून मी आवाज कुठून येतो हे आधी विचारत नाही, कधी येतो ते विचारतो. नळ सोडताना की बंद करताना? फक्त गरम पाण्याला की गारालाही? घरात कुणी पाणी वापरत नसताना येतो का? फ्रीजच्या दारावर एक कागद लावा आणि दोन दिवस वेळ आणि त्या क्षणी घरात काय चालू होतं तेवढं लिहा. सासूबाईंनाच हे काम द्या. जाग्या त्याच असतात.

आता तुमचं 'पहाटे पाच' घेऊ. पाइपाला घड्याळ कळत नाही, टायमरला कळतं. तुमच्याकडे सोसायटीचं सोलर असणार, आणि गच्चीवरून गरम पाणी सगळ्या मजल्यांना फिरवणारा छोटा पंप टायमरवर चालत असणार. औंधला एका इमारतीत अशीच तक्रार होती. पावणेपाचला मी वॉचमन काकांबरोबर पंपाच्या पॅनलसमोर उभा राहिलो, फोन चालू ठेवून वरच्या आजोबांना बाथरूममध्ये बसवलं. पंप लागला. आजोबा म्हणाले, "काही नाही." एक मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं, आणि फोनवरून मलाच ऐकू आलं: टक. टक. टकटक. रात्रभर गार पडलेल्या पाइपात गरम पाणी पोचायला तेवढा वेळ लागला होता.

सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लॅस्टिकचा पाइप, तापला की चांगलाच लांबतो. दहा मीटरचा पाइप ३० अंशांनी तापला तर साधारण दोन सेंटिमीटर वाढतो. तेवढाच जुना जी.आय., म्हणजे लोखंडी पाइप साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे वाड्यातल्या आणि जुन्या सोसायट्यांतल्या लोखंडी लाइनी या बाबतीत गप्प होत्या, आणि नव्या प्लॅस्टिकच्या बोलतात. पाइपाला लांबायचं असतं, पण क्लँपने त्याला करकचून धरलेलं असतं, नाहीतर भिंतीतून जाताना सिमेंटने. तो ताण साठवतो, मग एकदम जरासा घसरतो. ती घसरण म्हणजे तुमची टक. ओळखायची खूण अशी: गरम पाणी सुरू झालं की टकटक जलद, मग मंदावत थांबते, पाणी बंद केल्यावर पाइप निवताना पुन्हा, पण बरीच सावकाश. गार पाण्याला कधीच नाही.

उपाय डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत आहे. बाथरूमच्या मागच्या डक्टचं दार उघडून गरम लाइनीचे क्लँप बघा. स्क्रू पिळून पाइपाला वळ उठवलेले दिसतील. क्लँपने पाइपाला आधार द्यायचा असतो, गळा दाबायचा नसतो. हाताने पाइप मागेपुढे सरकला पाहिजे. भिंतीत शिरतो तिथे पाइपाभोवती सिमेंट घट्ट भरलेलं असेल तर छिन्नीने हलकेच मोकळं करून घ्या. एक ताकीद: आवाज बसावा म्हणून कुणी सायकलची जुनी ट्यूब किंवा मऊ पीव्हीसीची पट्टी गुंडाळायला निघाला तर गुंडाळू देऊ नका. मऊ प्लॅस्टिक आणि काही रबरांतलं तेलकट द्रव्य सीपीव्हीसीला चिरा पाडतं. जाड फेल्टचा तुकडा चालतो. आणि एवढं करूनही भिंतीच्या आतली एखादी टक राहिली तर राहू द्या, तिने काही बिघडत नाही. कमिटीला टायमर सहावर न्यायला सांगता येईल, पण पहाटे पाचला आंघोळ करणारे सभासद असतील तर हा ठराव पास करणं प्लंबिंगपेक्षा अवघड.

गुरगुर आणि थुंकणं म्हणजे लाइनीत एअर पकडली आहे. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते. पातेल्यात पाणी उकळण्याच्या बरंच आधी बुडाला बारीक बुडबुडे धरतात, तीच ही हवा. ती वर चढते आणि पाइप जिथे उंटासारखी पाठ काढतो तिथे साचते. गच्चीवर पाइप दुसऱ्या पाइपावरून उडी मारून नेलेला असतो, ती जागा हमखास. आधी वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडेही नळ थुंकत असेल तर दोष गच्चीवर आहे: गरम लाइनीच्या सगळ्यात उंच जागी हवा आपोआप सोडणारा एअर व्हेंट असतो, पितळेची डबीच, आणि क्षार बसून तो अडकतो. साफ करायला किंवा बदलायला फार वेळ लागत नाही. फक्त तुमच्याकडेच असेल तर अलीकडे कधी तुमची गरम लाइन बंद करून काम झालंय का ते आठवा. त्या वेळी शिरलेली हवा मोठा नळ पूर्ण सोडून पाच मिनिटं वाहू दिला की बहुतेक वेळा निघून जाते. पाणी बादल्यांत धरा, वाया घालवू नका.

कोथरूड, सहकारनगरच्या बंगलेवाल्यांचा एक जुना उपाय आहे, तो इथेच सांगून टाकतो. घरचं स्वतंत्र सोलर असेल, गरम नळ गुरगुर करून बंदच पडला असेल, तर जोराच्या गार नळाला एक नळी लावून तिचं दुसरं टोक गरम नळाला घट्ट धरायचं आणि दोन्ही सोडायचे. गार पाणी उलटं वर चढतं आणि अडकलेली हवा गच्चीवरच्या टाकीत ढकलून देतं. तिथे एक जण उभा ठेवा, व्हेंटच्या पाइपातून भसाभस आवाज आला की खाली हाक मारायला. फ्लॅटमध्ये मात्र हे करू नका; मध्ये पाणी उलटं जाऊ न देणारे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतात आणि तुमचं गार पाणी शेजाऱ्यांच्या आंघोळीत जायचं.

वॉशिंग मशीनचा दणका मात्र हसण्यावारी नेऊ नका. चारांत नुकसान करणारा हाच. मशीनमध्ये पाणी घ्यायला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो आणि तो डोळ्याची पापणी लवायच्या आत बंद होतो. पाइपातून धावणाऱ्या पाण्याला थांबायला जागाच मिळत नाही. मॉस्कोच्या जुकोव्हस्की नावाच्या शास्त्रज्ञाने १८९८ साली याचं गणित मांडलं, ते आजही तसंच वापरतात: पाण्याचा वेग जितका एकदम तुटतो त्याला दाबलाटेच्या वेगाने आणि पाण्याच्या घनतेने गुणायचं. लोखंडी पाइपात ही लाट सेकंदाला हजार-बाराशे मीटरने धावते. म्हणजे सेकंदाला दोन मीटर वेगाचं पाणी एकदम थांबलं तर क्षणभर वीस-चोवीस किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) जादा दाब. सीपीव्हीसी जरा ताणला जातो म्हणून त्यात लाट मंद, दणका निम्म्याहून कमी. तरी नऊ-दहा किलो होतोच, आणि तो दिवसातून किती वेळा बसतो ते मशीनचं एक चक्र मोजून बघा. नळ्यांच्या जोडांतली गळती बऱ्याचदा इथूनच सुरू होते.

तुमच्या बाबतीत याला मजल्याची जोड आहे. दहा मीटर उंचीला एक किलो, हा आमच्या धंद्यातला पाढा. बाराव्या मजल्यावरच्या गच्चीची टाकी तिसऱ्या मजल्यापासून तीस मीटर वर, म्हणजे नुसता तीन किलोचा दाब तुमच्या नळावर उभा आहे. वरच्या मजल्यांवर शॉवरला पाणी नाही म्हणून पंप बसवतात, आणि खालचे मजले मुकाट्याने दणके खातात. खालच्या मजल्यांच्या लाइनीवर दाब कमी करणारा पीआरव्ही असायला हवा. तो असतो, पण नऊ वर्षांत त्याची जाळी कुणी साफ केलेली नसते आणि आतला पडदा गेलेला असतो. पुण्यातल्या बोहरी आळीत प्रेशर गेज (दाब मोजायचा काटा) सहज मिळतो. बाल्कनीच्या नळाला लावा आणि दिवसा एकदा, रात्री दोनला एकदा काटा बघा. नळ बंद असताना रात्री काटा हळूहळू वर चढत तीनच्या आसपास गेला तर पीआरव्ही गेला. घरात दीड-दोन किलो भरपूर झाले.

गेज येईपर्यंत आजच करण्यासारखं: मशीनमागचा अँगल कॉक (मशीनची नळी जोडलेला छोटा नळ) अर्धा बंद करा. मशीनला पाणी भरायला मिनिटभर जास्त लागेल, दणका मात्र बराच उतरेल. कायमचा उपाय म्हणजे मशीनच्या नळाशी छोटा हॅमर अरेस्टर. आत पिस्टन आणि मागे हवेची गादी असते, धक्का तीच गिळते. जुने कारागीर त्याऐवजी टी टाकून वर हातभर पाइप आंधळा सोडायचे. ते चालतं, पण वर्ष-दोन वर्षांत त्यातली हवा पाण्यात विरघळून जाते आणि मग तो नुसता पाण्याने भरलेला ठोकळा राहतो. लाइन रिकामी करून पुन्हा भरली की परत काम देतो, हे लक्षात कुणाच्या राहतंय?

आणि आता गीझर, माझा आवडता विषय. बाणेर, वाघोली, उंड्री या बाजूला पाणी मिसळीचं असतं: थोडं महापालिकेचं, थोडं बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. खडकवासल्याचं धरणाचं पाणी त्या मानाने मऊ. बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत आलेलं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा म्हटलंय, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. असं जड पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना घट्ट होऊन सगळ्यात गरम जागी बसतो, म्हणजे कॉइलवर. थर जाड झाला की त्याच्याखाली अडकलेल्या पाण्याची जागच्या जागी वाफ होते, बुडबुडा फुटतो, भोवतालच्या पाण्यात विरतो. असे शेकडो बुडबुडे म्हणजे तुमची सूं-सूं. थर आणखी वाढला की खदखद आणि मग कडकड.

गेल्या वर्षी उंड्रीला २५ लिटरचा असाच एक गीझर उतरवला. रिकामा करूनही दोघांना उचलवेना. खालची प्लेट काढली तर कॉइल दिसतच नव्हती. तिच्या जागी पांढरा, खडबडीत, मनगटाएवढा दांडका. तळाशी क्षाराच्या पापड्या, अंड्याच्या टरफलांसारख्या, हलवलं की खुळखुळायच्या. अर्धं घमेलं भरलं. त्या क्षारात मॅग्नेशियमच्या रॉडची नुसती तार उरली होती. हा रॉड गीझरच्या टाकीऐवजी स्वतः गंजतो, तो संपला की गंज टाकीकडे वळतो. मालकांना मात्र आवाजापेक्षा वीजबिलाची काळजी होती, आणि त्यांना वाटत होतं मीटर खराब आहे.

तुमचा गीझर नुसता सूं-सूं करतोय म्हणजे वेळ गेलेली नाही. एमसीबी बंद करा, टेस्टरने खात्री करा, टाकी रिकामी करा, प्लेट खोलून कॉइल बाहेर घ्या. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात ती तासभर बुडवून ठेवा, टोकाचे विजेचे जोड पाण्याबाहेर. फेस येईल, क्षार भुसभुशीत होईल, लाकडी काडीने खरवडा. हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हर टाकीच्या आत घालू नका. आत काचेसारखा लेप असतो, त्याला टवका उडाला की गंज धरलाच. बाथरूम साफ करायचं ॲसिड तर अजिबात नाही. रॉड बोटापेक्षा बारीक झाला असेल तर बदला, प्लेटचं रबर गॅस्केट नवीनच टाका. परत जोडताना आधी टाकी पूर्ण भरा, गरम नळातून अखंड धार आली की मगच बटण. थर्मोस्टॅट ५०-५५ वर आणा. साठच्या वर चुना फार जोरात बसतो. विजेची सवय नसेल तर हे सगळं मेकॅनिककडून करून घ्या, पण समोर उभं राहून.

त्याच वेळी गीझरखालचा सेफ्टी व्हॉल्व्ह बघा. पाणी तापलं की फुगतं: २५ लिटर पंधरा अंशांवरून साठवर नेलं तर जवळपास ४०० मिलिलिटर वाढतं. मागे नॉन-रिटर्न असल्यामुळे ते परत जाऊ शकत नाही, म्हणून व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पडतं. ते पडायलाच हवं. एका घरी ही 'गळती' कुणीतरी एमसीलने बुजवलेली मी बघितली. त्या दिवशी आधी मेन स्विच बंद केला, मग बोललो, आणि जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जाता जाता: माझा भाचा स्कॉटलंडला असतो. तिकडे खोल्या तापवायला भिंतीवर रेडिएटर असतात, बॉयलरचं गरम पाणी त्यांतून फिरतं. डिसेंबरात त्याचा फोन, "मामा, रेडिएटर रात्रभर गुडगुडतोय आणि वरून गारच आहे." मी रेडिएटर आयुष्यात खोललेला नाही, पण वर गार, खाली गरम, आत गुडगुड, म्हणजे एअर पकडली हे सांगायला काय लागतं? हीटिंग बंद करून, खाली फडकं धरून, वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू किल्लीने अर्धा फेरा उलटा फिरवायचा. हिस्स करून हवा जाते, पाणी दिसलं की बंद. मग बॉयलरचा काटा बघायचा: गार असताना एक ते दीड बारच्या मध्ये हवा, कमी झाला तर पाणी भरायचं. त्यांच्याकडेही तापताना टकटक होते ती पाइप फ्लोअरच्या लाकडात घट्ट बसल्याने, आणि बॉयलर किटलीसारखा बोलतो तो बहुतेक आत बसलेल्या क्षाराने किंवा गाळाने.

तर ताई, आधी अँगल कॉक, मग गेज, मग गीझर, मग डक्टचे क्लँप. एअर व्हेंटसाठी कमिटीला पत्र आजच द्या, कारण तिकडे वेळ लागतो.

एकाच आवाजासाठी मी भिंत फोडतो: घरात सगळे नळ बंद, मशीन बंद, फ्लशची टाकी भरून थांबलेली, आणि तरी भिंतीत बारीक सीं-सीं चालूच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक नळाच्या पितळेला टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावा, स्पष्ट ऐकू येईल. मग फ्लॅटचा मेन व्हॉल्व्ह बंद करा. सीं-सीं थांबली आणि गेजचा काटा अर्ध्या तासात खाली आला तर पाइप खरंच गळतोय. गरम आणि गार लाइन वेगवेगळी बंद करून बघितलं की कोणती ते कळतं, आणि मग दोन टाइल्स निघतात, दोन बाथरूम नाही. त्याआधी माळ्यावर बघून घ्या, बिल्डरने दिलेल्या जादा टाइल्सचा खोका अजून आहे का. नऊ वर्षांनी तो रंग बाजारात मिळायचा नाही.